पुलावरून गेलेली घंटा

१

बुधवारी सकाळी ॲप्लीफर्डच्या पुलावर खांब जागच्या जागी होता, पण खांबावरची घंटा नव्हती.

हे पहिल्यांदा लक्षात आलं गॉन्टबाईंच्या. पर्पेटुआ गॉन्ट रोज सकाळी कुत्र्याला घेऊन पूल ओलांडतात आणि गावात काय बदललं, काय बिघडलं याची हजेरी घेत येतात. गावच्या वस्तुसंग्रहालयाच्या त्या प्रमुख, शिवाय नगरपरिषदेच्या सदस्य. त्यामुळे उभ्या उभ्या पोलिसांना फोन गेला. जिल्ह्याच्या पोलिसांनी अगदी नम्रपणे सगळं ऐकून घेतलं, एक गुन्हा क्रमांक दिला आणि फोन ठेवला. हल्ली दारातली मोटार गेली तरी क्रमांकच मिळतो, घंटेसाठी कोण येतंय!

म्हणून बाई हेस्टर बेडोजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हेस्टर पोलिसात सार्जंट होती, आता निवृत्त. पण बाई तिच्याकडे आल्या त्याचं कारण एवढंच नव्हतं. ती घंटा हेस्टरच्या वडिलांची होती.

पूल नव्हता तेव्हा हॅरल नदीवर नाव चालायची आणि एफ्राइम बेडोज हा तिचा नावाडी. तो राहायचा अलीकडच्या काठावर. पलीकडच्या माणसाला यायचं असलं की त्याने तिकडच्या धक्क्यावरची पितळी घंटा वाजवायची, की एफ्राइम हातातला घास टाकून निघायचा. डॉक्टरीण असो, दारुडा असो, रुसून माहेरी निघालेली बायको असो, घंटा झाली म्हणजे झाली. पुढे काँक्रीटचा पांढराशुभ्र रुंद पूल झाला, नाव बंद झाली, आणि एफ्राइमने आपल्या हाताने ती घंटा गावाला भेट दिली. पुलाच्या मध्यावर कठड्याला लागून खांब रोवला, त्यावर घंटा टांगली, खाली त्याच्या नावाची पाटी लावली. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक नव्या जोडप्याने चर्चमधून निघून पुलावर जायचं आणि दोघांनी मिळून ती घंटा वाजवायची, असा रिवाजच पडला. हेस्टरनेही वाजवली होती. तिचं लग्न काही वर्षांतच आटोपलं आणि तिने वडिलांचं आडनाव परत लावलं, पण त्याचा दोष घंटेवर टाकता येत नाही.

"रविवारी पुलाला चाळीस वर्षं पुरी होतायत," गॉन्टबाई म्हणाल्या, "आणि त्याच आठवड्यात हे! कोणी नेली ते सगळ्या गावाला माहीत आहे, हेस्टर. तू फक्त पुरावा शोध."

"कोणी नेली?"

"पुलाखाली कोण राहतं?"

पुलाखाली एलायजा लवरिज राहत होता.

२

एलायजा भंगारवाला. फिरस्त्यांच्या जातीतला. त्याच्या आज्याने गाडीला घोडा जुंपून सगळा मुलूख पालथा घातला, बापाने ट्रक घेतला, आणि एलायजाने मात्र पुलाच्या चढाखालच्या कमानींत वखार थाटून तिच्यामागेच घर केलं. मुलगी केझिया गावातल्याच शाळेत जात होती. जागा नगरपरिषदेची. ती त्याच्याकडे ठेवायची की काढून घ्यायची हे सोमवारी ठरणार होतं, आणि बुधवारी दुपारपर्यंत गावात जो तो म्हणू लागला होता, की ठरवायचं काय त्यात, घालवा एकदाचा.

हेस्टर आधी पुलावर गेली. खालून नदी संथ चालली होती आणि ट्रक गेला की पायाखालचं काँक्रीट किंचित थरथरत होतं. तिने खांब नीट पाहिला. लोखंडी कडी शाबूत होती. करवतीचा चरा नाही, हातोड्याचा घाव नाही. ज्या बोल्टांनी घंटा अडकवलेली होती ते बोल्ट तिथेच होते, आणि प्रत्येकाचा वायसर आणि नट काढून पुन्हा ज्याच्या त्याच्यावर हाताने फिरवून बसवलेले होते. घंटा नेणाऱ्याने मागे पसारा ठेवला नव्हता.

हेस्टर बराच वेळ त्या नटांकडे बघत राहिली. तिला काहीतरी आठवत होतं, पण नीट आठवेना.

एलायजा वखारीत एका जुन्या कपडे धुण्याच्या यंत्राची आतडी काढत बसला होता. त्याने मान वर न करताच विचारलं, "बेड्या आणल्यात का, सार्जंटबाई?"

"निवृत्त माणसाला बेड्या देत नाहीत."

"मग चहा घ्या."

चहा घेता घेता त्याने सांगितलं, की सकाळपासून दोघेजण वखारीत उगाच डोकावून गेले, एकाने जाताना शिवी दिली. केझियाला शाळेत मुलींनी विचारलं, तुझा बाप आमच्या लग्नाची घंटा वितळवून खाणार का. ती दुपारीच घरी आली आणि आतून कडी लावून बसली आहे. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. चढवून उपयोग नसतो हे त्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक.

"तू नेलीस का?" हेस्टरने सरळ विचारलं.

"मी नेली असती तर खांबासकट नेली असती," एलायजा म्हणाला. "आणि नट परत कोण लावत बसतं, बाई? चोर कधी घर झाडून जातो का?"

तो पुलावर जाऊन बघून आला होता. ज्याच्यावर आळ येणार हे नक्की असतं, त्याला आधी जाऊन बघावंच लागतं.

"जुनी घंटा तू कधी ऐकली होतीस? नावेच्या वेळची?"

"आज्याबरोबर यायचो ना मी लहानपणी. पलीकडच्या काठावर मुक्काम असायचा आमचा. ती मलाच वाजवायला द्यायचे." पहिल्यांदाच तो हसला. "काय आवाज होता! पोटात जायचा. पुलावर आणली आणि तिचा जीवच गेला. काँक्रीटच्या जवळ काय वाजणार म्हणा."

हेस्टरने मान डोलावली. हे तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा म्हणत होतं.

३

संशयितांच्या यादीत गॉन्टबाईंचं नाव हेस्टरने मनातल्या मनात कधीच घातलं होतं. ही घंटा उन्हापावसात न ठेवता संग्रहालयात काचेमागे ठेवावी, म्हणून बाई गेली कित्येक वर्षं नगरपरिषदेत भांडत होत्या आणि हरत होत्या. पण संग्रहालयात गेल्यावर बाईंनी तिला रविवारच्या समारंभाची तयारी दाखवली आणि हेस्टरचा संशय फिटला. पताका आल्या होत्या, केकची ऑर्डर गेली होती, बाईंच्या भाषणाला तिसरी दुरुस्ती चालू होती. आपल्याच लग्नाच्या आधी कोणी नवरदेव पळवत नाही.

"सगळा जीव त्या घंटेत होता गं," बाई म्हणाल्या आणि खरोखरच त्यांचे डोळे भरून आले. "माळ्यावर मला काय सापडलं होतं माहीत आहे? नाव बंद झाली त्या उन्हाळ्यात रेडिओवाले आले होते बघ. त्यांचं ध्वनिमुद्रण! तुझे वडील आहेत, नदी आहे, घंटा आहे. रविवारी आधी ते भोंग्यावरून लावायचं आणि पाठोपाठ तू पुलावर तीच घंटा वाजवायचीस, असं ठरवलं होतं मी. जुना आवाज आणि नवा आवाज, लागोपाठ."

"हे कोणाकोणाला सांगितलं होतंस?"

"गुपितच होतं. फक्त काल चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांच्या जेवणाला बोलून गेले. आपलीच माणसं."

म्हणजे काल दुपारी बाई बोलल्या आणि आज सकाळी घंटा नाही. भंगारवाला लवरिज त्या जेवणाला कधी जात नव्हता. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

हेस्टरने ते ध्वनिमुद्रण ऐकायला मागितलं. बाईंनी यंत्राची कळ दाबली. आधी पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आला, मग बदकं, मग साखळीचा खडखडाट. आणि मग लांबून, पलीकडच्या काठावरून, घंटा वाजली.

हेस्टर खुर्चीत होती तशीच राहिली. तिच्या आईचं स्वयंपाकघर, ओल्या बुटांचा वास, टेबलावर अर्धवट सोडलेलं वडिलांचं ताट, सगळं त्या एका ठोक्यासरशी समोर आलं. "आलो, आलो," यंत्रातून एफ्राइम बेडोज म्हणाला. दहा वर्षांपूर्वी तिने त्याला पुरलं होतं. पोलिसात एवढी वर्षं काढलेली बाई कोणाच्या समोर रडत नसते, पण हेस्टर रडली आणि गॉन्टबाईंनी शहाणपणाने खिडकीबाहेर बघितलं.

मग डोळे पुसून हेस्टर म्हणाली, "पुलावरच्या घंटेचा आवाज आहे का कुठे?"

बाईंच्या फोनमध्ये भाचीच्या लग्नाचं चित्रण होतं. नवरानवरी हसत हसत दोरी ओढत होती. टण्‌ टण्‌ टण्‌.

"पुन्हा लाव," हेस्टर म्हणाली. "आता जुनं. आता परत नवं. पर्पेटुआ, त्या कोपऱ्यातल्या पियानोवर बस."

बाईंनी दोन्ही स्वर पियानोवर शोधले. जुना पट्टीच्या डाव्या अंगाला, खर्जाकडे सापडला आणि नवा त्याच्या बराच उजवीकडे. बाईंची बोटं तशीच पट्टीवर राहिली.

"काँक्रीटमुळे..." त्या म्हणाल्या.

"काँक्रीटमुळे आवाज घुमेल किंवा घुमायचा थांबेल. पण घंटेचा सूर बदलत नाही. ती चर्चमध्ये टांग नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यात." हेस्टर उठून उभी राहिली. "पुलावर होती ती नावेची घंटा नाहीच."

४

घरी न जाता हेस्टर नदीकाठच्या बाकावर जाऊन बसली.

चाळीस वर्षं गावातला प्रत्येक म्हातारा म्हणत होता, की घंटेत पूर्वीची मजा नाही. आणि प्रत्येक तरुण मनात म्हणत होता, म्हाताऱ्यांना कशातच पूर्वीची मजा वाटत नाही. पावात नाही, बिअरमध्ये नाही, हिवाळ्यातसुद्धा नाही. म्हाताऱ्यांनाही ते पटलं होतं. कान बरोबर सांगत होते आणि सगळ्या गावाने ते गेलेल्या दिवसांच्या खाती टाकून दिलं. हेस्टरनेसुद्धा.

आता बाकीचं सोपं होतं. चोरी घंटेसाठी झालीच नव्हती. दोन आवाज लागोपाठ ऐकू येऊ नयेत म्हणून झाली होती. म्हणजे चोर कालच्या जेवणाला हजर होता, घंटा बदललेली आहे हे त्याला माहीत होतं, आणि ते उघड होऊ नये अशी त्याची इच्छा होती. शिवाय त्याने नट परत लावले होते, आणि ही सवय कुठली ते आता तिला आठवलं. नावेवर काही खोलायचं झालं की वडील ओरडायचे, "काढलेला नट हातात ठेवू नका, ज्याचा त्याच्यावर फिरवा, नाहीतर नदी घेईल." नावेवर काम केलेल्या माणसाचा हातच तसा वळतो.

नावेवर काम केलेला एकच माणूस आता जिवंत होता. एनॉक टज. म्हाताऱ्यांचं जेवण तो कधी चुकवत नसे. एफ्राइमचा हाताखालचा गडी, हेस्टरला खांद्यावर घेऊन नाव फिरवणारा एनॉककाका. पण एनॉककाकाने पुलाचं उद्घाटन झालं त्या दिवशी सगळ्यांदेखत शपथ घेतली होती, की मी या पुलावर मरेपर्यंत पाय ठेवणार नाही. आणि गाव साक्षीला होतं, की त्याने ठेवला नव्हता. पलीकडे बहीण वारली तेव्हासुद्धा तो खालच्या गावच्या पुलावरून वळसा घालून गेला.

तो सापडला त्याच्या भाजीच्या तुकड्यावर. बॅटरीची चारचाकी खुर्ची वाफ्यापाशी लावून, अंगात रस्त्यावर दिसावं म्हणून घालतात तो पिवळाधमक अंगरखा घालून, मटाराच्या वेलांना काड्या लावत बसला होता.

"काका, मटार छान आलेत."

"पाऊस चांगला झाला."

हेस्टरची नजर वाफ्यांवरून फिरली. रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीचे कोंब नाजूक राहावेत म्हणून हिवाळा सरताना त्यांच्यावर मातीचं उंच मडकं उपडं घालून त्यांना अंधारात वाढवतात. ईस्टर झाला की मडकी निघतात. ईस्टर होऊन गेला होता, शेजारच्या सगळ्या वाफ्यांतली मडकी धुऊन भिंतीला लागली होती. एनॉककाकाचं एक मडकं मात्र अजून रुबार्बवर होतं.

"त्यात काय वाढवताय, काका?"

म्हाताऱ्याच्या हातातली काडी थांबली. हेस्टर वाकली आणि तिने मडकं उचललं. आत, चिरडलेल्या रुबार्बवर, घंटा बसलेली होती.

५

"पुलावर पाय न ठेवण्याची शपथ होती ना?"

"मी कुठे पाय ठेवला?" एनॉक म्हणाला. "गाडीवरून गेलो. बसल्या जागी पाना लावला. पहाटे फिरायला आलेले दोघं परगावचे नमस्कार करून गेले, एकाने तर विचारलं, परिषदेचं काम का? पिवळा अंगरखा घातला की या देशात राणीचा मुकुट काढून नेला तरी कोणी अडवणार नाही."

हेस्टरला हसू आलं आणि लगेच गेलं. "खरी घंटा कुठे आहे?"

एनॉकने नदीकडे हनुवटी केली.

मग त्याने सगळं सांगितलं. परिषदेचा माणूस येऊन म्हणाला, घंटा पुलावर लावायची आहे. एफ्राइम हो म्हणाला. मग मोडीत निघालेल्या एका कोळशाच्या बोटीवरची घंटा त्याने मिळवली, घासूनपुसून लख्ख केली आणि ती परिषदेला दिली. खरी घंटा नावेत घेऊन दोघं शेवटची खेप करून आले. मधल्या धारेत एफ्राइमने ती दोन्ही हातांनी नावेच्या काठाबाहेर धरली आणि सोडली.

"का पण?"

"मी पण विचारलं. तर म्हणाला, एनॉक, ती वाजली की माझे पाय आपोआप निघतात. पुलावर टांगली तर येणारा जाणारा वाजवणार. मी अंथरुणात पडून ऐकू? कोणीतरी बोलावतंय आणि मी जात नाही, असं रोज रोज?"

पोलिसात राहिलेल्या माणसाने कारणं फार ऐकलेली असतात. ज्याला त्याला आपलं कारण असतं. हेस्टरला दिसत होतं ते वेगळंच. लग्नाच्या दिवशी ती पुलावर घंटा वाजवत होती आणि वडील तिच्याकडे न बघता खाली पाण्याकडे बघत होते. तिला वाटलं होतं, मुलगी चालली म्हणून डोळे चुकवतायत. आणि पुलावरची पाटी? लोकांनी केलेलं कौतुक? ते तीस वर्षं गालात हसत ऐकून घेणारा तो माणूस?

"खोटारडा," ती हळूच म्हणाली. हा शब्द तिने वडिलांसाठी आयुष्यात पहिल्यांदा वापरला.

"म्हणून तर काढून आणली," एनॉक म्हणाला. "त्याला तसं कोणी म्हणू नये म्हणून. आता तू जाणलंस आणि मी जाणतो. गुपचूप टांगून टाकतो परत. पोरांनी चेष्टा केली म्हणू."

"आणि रविवारी दोन्ही आवाज लागले की?"

म्हाताऱ्याने हातातली काडी मातीत खुपसली.

"घंटा आपली आपण परत आली तर लोक काय म्हणतील सांगू? लवरिज घाबरला आणि रात्रीतून आणून टाकली. सोमवारी त्याचं घर जाईल, काका. चोर सोडून संन्याशाला सुळी."

"मग माझं नाव सांग. मला काय करतील?"

"तुमचं सांगितलं की का केलंत ते विचारतील."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एका बाजूला मेलेल्या बापाचं नाव, दुसऱ्या बाजूला आतून कडी लावून बसलेली एक पोरगी. हेस्टरने घंटा उचलून मांडीवर घेतली. चांगली जड होती, पण ती आपल्या घरची नाही हे हाताला आता कळत होतं.

६

रविवारी पूल वाहनांना बंद होता. ऊन पडलं होतं, पताका होत्या, केक होता, आणि अख्खं गाव खांबाभोवती जमलं होतं. एनॉककाकाची खुर्ची मात्र पुलाच्या अलीकडे, धक्क्याकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी लावलेली होती. लवरिज बापलेक त्याच्याच शेजारी गर्दीपासून सुटून उभे होते, कारण पुलावर त्यांना कोणी जागा दिली नव्हती. भोंगे पुलाच्या दोन्ही टोकांना लावले होते.

हेस्टरने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. घंटा एनॉकने काढली. ती नावेची नव्हतीच. नावेची घंटा माझ्या वडिलांनी नदीत सोडली आणि गावाला दुसरीच दिली. एलायजा लवरिजचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, आणि ज्यांनी ज्यांनी तो जोडला त्यांनी उद्याच्या आत त्याच्या दारात जाऊन यावं. बोलताना तिचा आवाज कापला नाही. शेवटी तिला एवढंच सांगायचं होतं, की वडिलांनी असं का केलं. पण ते तिला सांगता येईना. एनॉककाकाचे शब्द तिच्या तोंडून निघाले असते तर सबबीसारखे वाटले असते. तिचाच अजून त्या शब्दांवर विश्वास बसला नव्हता.

मग कुजबुज सुरू झाली. म्हणजे आम्ही लग्नात कोळशाच्या बोटीची घंटा वाजवली? एक बाई नवऱ्याला म्हणाली, तरीच! मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "एफ्राइम बेडोजने गावाला फसवलं. काढा ती पाटी."

हेस्टर वळली नाही. तिने हे गृहीत धरलं होतं. गर्दीतून वाट काढत ती पुलावरून उतरली, एनॉककाकाजवळ. तिच्यामागोमाग गॉन्टबाई आल्या, लवरिजसमोर उभ्या राहिल्या आणि लालबुंद होऊन म्हणाल्या, "मिस्टर लवरिज, मी चुकले. उद्या परिषदेत हेच बोलेन." एलायजाने टोपीला हात लावला. केझियाने नाही लावला, आणि बाईंनी तेही गिळलं.

आता पुढे काय करायचं हे कोणालाच सुचेना. कार्यक्रमात पुढे काय आहे एवढंच बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी भोंगेवाल्याला खूण केली.

पाण्याचा आवाज आला. बदकं. साखळी. आणि मग घंटा वाजली, सगळ्या नदीवरून, दोन्ही काठांवरून.

पुलावरची तरुण मंडळी भोंग्यांकडे बघू लागली. पण ज्यांनी नाव पाहिली होती ती सगळी माणसं, एकही न चुकता, कठड्याकडे वळली आणि पाण्याकडे बघायला लागली. मघाशी पाटी काढा म्हणणारा माणूससुद्धा.

आणि एनॉक टज खुर्चीतून उठला. गेली दोन वर्षं आधाराशिवाय न उठणारा तो माणूस सरळ उभा राहिला, त्याने टोपी डोक्यावर नीट केली आणि पायवाटेने धक्क्याच्या दिशेने चालू लागला. धक्का कधीच गेला होता. तिथे नुसती लव्हाळी आणि चिखल होता.

एलायजाने धावत जाऊन त्याचा दंड धरला. "कुठे निघालात?"

"पलीकडे कोणीतरी थांबलंय," एनॉक म्हणाला. तो वेडा झाला नव्हता; त्याचे डोळे स्वच्छ होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते. तो तर नुसता हाताखालचा गडी होता.

हेस्टरने म्हाताऱ्याचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. तिचेही पाय पाण्याकडे वळले होते. वडील तीस वर्षं या नदीकाठच्या घरात निजले, रोज रात्री.

"चला काका," ती म्हणाली, "मी येते."

आणि घंटा वाजत होती तोवर ती तिघं पाण्यापर्यंत चालत गेली.